वडिलोपार्जित वस्तरा : ओळख आणि निगा

जुनी घरे मोडून त्या जागी सदनिका उभ्या राहू लागल्या, तशा माळ्यावरच्या पेट्याही खाली उतरू लागल्या. त्या पेट्यांतून चष्म्याची घरे, अडकित्ते, दौती यांच्याबरोबर पुष्कळदा एक मिटलेला वस्तराही निघतो. तो आजोबांचा असतो किंवा पणजोबांचा. पाते तांबूस झालेले, दस्ता एका बाजूस वाकलेला आणि वास जुन्या तेलाचा. अशा वस्तऱ्याची गती बहुधा तीन प्रकारची होते. तो भंगारात जातो, धार लावणाऱ्याच्या चाकावर जातो किंवा पुन्हा एखाद्या खणात जाऊन पडतो. यांपैकी भंगारात गेलेला निदान एकदाच मरतो. चाकावर गेलेला मात्र चकचकीत होऊन घरी परत येतो आणि आपण काय गमावले हे घरच्यांना कळतही नाही. हे टळावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा' यावरून आलेला आहे. आमच्या घरी दखनीत 'उस्तरा' म्हणतात, शाळेत मी 'वस्तरा' शिकवतो आणि संस्कृतच्या तासाला शेजारच्या वर्गातून 'क्षुर' ऐकू येते. हैदराबादेत राहणाऱ्याला तिन्ही शब्द सारखेच जवळचे वाटतात. गावच्या लोहाराने घडवलेले साधे वस्तरेही पेट्यांतून निघतात. त्यांच्यावर सहसा खूण नसते आणि त्यांची ओळख घरातील माणसांच्या आठवणीवरच अवलंबून असते. येथे मुख्यतः परदेशांतून आलेल्या, दस्त्यात मिटणाऱ्या पोलादी वस्तऱ्यांचा विचार केला आहे. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांचा सुटी पाती घालावयाचा रेझर १९०३ साली विक्रीस आला. पुढे घरोघरी त्याचा प्रसार झाला आणि वस्तरा हळूहळू न्हाव्याच्या धोकटीपुरता उरला. सबब पेटीतला वस्तरा बराच जुना असण्याचा संभव असतो.

प्रथम एक गोष्ट करावी. वस्तऱ्याला काहीही लावू नये. तो घासू नये, पाण्यात बुडवू नये, लिंबू-चिंच चोळू नये. एक भिंग घ्यावे, खिडकीपाशी बसावे आणि उजेड तिरपा पडेल अशा बेताने पाते धरावे. पात्याचा दस्त्याकडील जो जाड, धार नसलेला भाग असतो त्याला आपण देठ म्हणू. वस्तऱ्याची जन्मपत्रिका या देठावर ठोकलेली असते. गंजाखाली अक्षरे बुजलेली असल्यास देठावर पातळ कागद ठेवून वरून मऊ शिसपेन्सिल हलकेच फिरवावी. मुले नाण्याचा छाप कागदावर उठवतात ना, तीच ही युक्ती. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे पुष्कळदा कागदावर येतात.

त्या अक्षरांत बहुतेक वेळा गावाचे नाव सापडते. इंग्लंडातील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन, स्वीडनमधील एस्किल्स्टूना आणि फ्रान्समधील तिएर ही या धंद्याची चार मोठी ठाणी होत. आपल्याकडे पहिल्या दोहोंचा माल अधिक आढळतो. अक्षरांबरोबर चिन्हही असते आणि अक्षरे न वाचणाऱ्या गिऱ्हाइकालाही चिन्ह ओळखता येई. तारा आणि त्याशेजारी माल्टीज क्रूस असल्यास तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांचा. 'आय एक्स एल' ही तीन अक्षरे असल्यास वोस्टनहोम यांचा. ही अक्षरे इंग्रजीत सलग वाचली की 'मी सरस आहे' असा अर्थ निघतो. जुळ्या माणसांची आकृती झोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याची असून ती १७३१ साली नोंदलेली आहे. येथे सावध राहावे. असे एखादे साल पात्यावर किंवा डबीवर दिसले म्हणजे वस्तरा त्या सालचा ठरत नाही. ते साल दुकान केव्हापासूनचे आहे एवढेच सांगते. देठावरचे सुटे आकडेही बहुधा घाटाचे क्रमांक असतात, सनावळी नव्हे.

काळ ठरवण्यास कायद्याची मदत अधिक होते. ब्रिटनमध्ये १८८७ साली मालावरील खुणांविषयीचा कायदा झाला आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव येऊ लागले. हिंदुस्थानातही १८८९ साली तशाच स्वरूपाचा कायदा झाला. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून नुसते 'शेफील्ड' असेल तर वस्तरा त्यापूर्वीचा असण्याचा संभव आहे आणि 'शेफील्ड, इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल तर तो बहुधा नंतरचा. हा संभव आहे, सिद्धांत नव्हे. कित्येक कारागिरांनी जुने ठसे पुढेही वापरले. मुकुटाच्या दोन बाजूंस 'व्ही' आणि 'आर' ही अक्षरे असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील. 'वेस्ट जर्मनी' असे लिहिले असेल तर वस्तरा १९४९ नंतरचा समजावा, मग घरातले कोणी तो पणजोबांचा म्हणोत.

आता पात्याचा घाट. पाते आडवे कापले अशी कल्पना केली तर जुन्या शेफील्ड वस्तऱ्यात पाचरीसारखा भरीव त्रिकोण दिसेल. पुढे एकोणिसाव्या शतकात दोन्ही बाजू खोलगट घासण्याची रीत वाढली आणि झोलिंगेनच्या कारागिरांनी ती इतकी पुढे नेली की धारेजवळचे पोलाद कागदासारखे पातळ झाले. अशा पात्याला नखाने हलकी टिचकी मारली की बारीक नाद येतो. पाचरीचे पाते मुके असते. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना मागे शेपटी नसे किंवा अगदी आखूड असे. बोट टेकवण्याची लांब वळणदार शेपटी नंतरची. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. आठांपैकी पाच किंवा सहा भाग हे नेहमीचे माप आहे.

पात्यावर कधीकधी 'सिल्व्हर स्टील' असे शब्द आढळतात आणि घरातील मंडळींना वाटते की यात चांदी आहे, तेव्हा मोल मोठे असणार. या दोन शब्दांमागची हकीकत मात्र चांदीहून मोलाची आहे आणि ती आपल्या दख्खनपासून सुरू होते. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून जे पोलाद करीत त्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणत. आजच्या तेलंगणातील निजामाबादकडचे कोनसमुद्रम हे गाव त्याकरिता प्रसिद्ध होते आणि इराणचे व्यापारी तेथवर येत. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. तेथील सुऱ्या-वस्तरे करणारे नामांकित कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी ते घडवून पाहिले आणि त्यांना ते इतके पसंत पडले की आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर त्यांनी त्याची प्रशंसा छापली. पुढे १८१८ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी स्टोडार्ट यांच्यासह वूट्झचे पृथक्करण केले आणि पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग आरंभिले. विजेच्या धड्यात आपण ज्यांचे नाव शिकतो तेच हे फॅरडे. ते लोहाराचे पुत्र होते, हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगतो. पोलादाच्या पाचशे भागांत चांदीचा एक भाग हे मिश्रण त्यांना चांगले वाटले. आपल्या पोलादाचे वस्तरे ते मित्रांना भेट देत असत. पुढे 'सिल्व्हर स्टील' हा शब्द शेफील्डच्या बाजारात रूढ झाला आणि कालांतराने निव्वळ जाहिरातीचा उरला. तेव्हा तो शब्द पाहून चांदीचा भाव काढू नये. मुंबईच्या बंदरातून गेलेल्या एका गाठोड्याचा तो लांबचा प्रतिध्वनी आहे.

दस्त्याच्या दोन फळ्या कशाच्या आहेत हे ओळखणेही आवश्यक, कारण साफसफाई त्यावर अवलंबून असते. काळ्या किंवा धुरकट फळ्या बहुधा शिंगाच्या. शेफील्डला म्हशीची शिंगे हिंदुस्थानातूनही जात. म्हणजे एखाद्या वस्तऱ्याचा दस्ता समुद्र ओलांडून गेला आणि पाते घेऊन परत आला असेही घडले असेल. शिंगाला कसर लागते. बारीक चर पडलेले दिसले तर ते कापल्याचे नसून किडीने खाल्ल्याचे असतात. पांढऱ्या फळ्या हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. हाडावर काळे ठिपके व बारीक रेघा दिसतात. हस्तिदंताची नक्षी एकमेकींना छेदणारी, वळणदार व अनियमित असते. सेल्युलॉइडवर हस्तिदंताची नक्कल केली असेल तर रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ व समान दिसतात. बोटाने चोळल्यास कापराचा वास येतो तो सेल्युलॉइडचा. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची सूचना कोणी केल्यास ऐकू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. जुने झाल्यावर ते स्वतःच विघटन पावून आम्ल वाफ सोडते आणि शेजारचे पाते गंजवते. फळ्या ठिसूळ होऊन त्यांना चिरा पडू लागल्या असतील आणि फळ्यांच्या मधोमध असलेला पात्याचाच भाग अधिक गंजला असेल, तर चोर घरातलाच आहे असे समजावे. हस्तिदंत असल्यास विक्रीचा विचार सोडून द्यावा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्या यांमुळे त्याचा व्यापार बंद आहे.

येथवर ओळख झाली. यानंतर दुरुस्तीचा प्रश्न येतो आणि तो समजण्यास थोडी भूमिती हवी. वस्तऱ्याच्या पाठीची जाडी हा पाया आणि धार हा शिरोबिंदू धरला तर एक समद्विभुज त्रिकोण तयार होतो. वस्तरा दगडावर सपाट ठेवला की धार आणि पाठ दोन्ही एकदमच टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती असावा हे धार लावणाऱ्याच्या मनगटावर नसून पाठीच्या जाडीवर ठरते. करणाऱ्याने कोनमापक पात्यातच घालून दिला आहे! समजा, रुंदी १५.९ मिलिमीटर, म्हणजे आठांपैकी पाच भाग, आणि पाठीची जाडी ४.७ मिलिमीटर आहे. तर शिरोकोन स्थूलमानाने १७ अंश येतो. चांगल्या वस्तऱ्यात तो १६ ते १८ अंशांच्या दरम्यान असतो. दगडावर वर्षानुवर्षे घासताना धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून कोन फारसा बदलत नाही. पण कोणी गंज काढण्याच्या नादात पाठच एक मिलिमीटरने उतरवली तर कोन १३ अंशांवर येतो आणि इतकी नाजूक धार पहिल्याच दाढीला दातरते. उलट चाकावर धरून धारेकडचा चार मिलिमीटर भाग घालवला तर कोन २२ अंशांच्या वर जातो. तो वस्तरा मग दाढी करीत नाही, ओरबाडतो. वर्गात त्रिकोणमितीचा उपयोग काय असे विचारणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर काढून देतो.

चाकाचा दुसरा अपाय डोळ्यांना दिसत नाही. वस्तऱ्याच्या पोलादाला लालबुंद तापवून, विझवून पाणी दिलेले असते आणि नंतर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. धारेजवळचे पोलाद इतके पातळ की फिरत्या चाकावर ते क्षणात ३०० अंशांच्या घरात जाते. तेथे निळसर छटा उमटली की त्या जागेचे पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. ज्या वस्तऱ्याला साठ वर्षांच्या गंजाने मारले नाही त्याला असे अर्ध्या मिनिटात मारलेले मी दोन वेळा पाहिले आहे. यास्तव विजेचे चाक, मग ते रस्त्यावरचे असो वा कारखान्यातले, वस्तऱ्यापासून दूर ठेवावे.

काही वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी आपल्या आजोबांचा वस्तरा घेऊन आला. आजोबा नाभिक, मराठवाड्यातून हैदराबादेस आलेले. त्यांनी याच एका वस्तऱ्यावर संसार उभा केला होता. "सर, यावर निकेल चढवून घेतो, काचेच्या कपाटात नव्यासारखा दिसेल," असे तो म्हणाला. आम्ही तो भिंगाखाली पाहिला. पाते झिजून मूळ रुंदीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरले होते. पाठीच्या दोन्ही बाजूंस दगडाने पाडलेले रुंद, आरशासारखे पट्टे होते आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच. टोकाकडे रेसभर अधिक झिजलेले. उजव्या हाताचा, हलक्या दाबाचा, कधी घाई न करणारा माणूस त्या पट्ट्यांत स्पष्ट दिसत होता. दस्त्याच्या आतील बाजूस सुईने कोरलेली दोन मोडी अक्षरे निघाली. निकेल चढवण्यापूर्वी कारखान्यात पाते घासून साफ करतात. म्हणजे ते पट्टे आणि देठावरचा ठसा दोन्ही गेले असते. मी त्याला एवढेच विचारले की, आजोबांच्या हाताची दुसरी कोणती खूण घरात आहे? एक छायाचित्रसुद्धा नव्हते. त्याने निकेलचा बेत सोडला. काचेचे कपाट मात्र केलेच.

तेव्हा साफसफाई करताना काय काढायचे आणि काय ठेवायचे हे आधी ठरवावे. तांबडा, भुकटीसारखा गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. तो काढावा. काळसर, गुळगुळीत थर स्थिर असतो आणि खालच्या पोलादाचे काही अंशी रक्षणच करतो. तो राहू द्यावा. पात्यावर सोनेरी अक्षरे किंवा वेलबुट्टी असेल तर तो सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. साध्या पॉलिशनेही तो जातो, म्हणून त्या भागास हातच लावू नये.

धारेवर प्रथम जाड चिकटपट्टी लावून घ्यावी. मोडकी धारही बोट कापते. मग रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी पात्याभोवती गुंडाळून रात्रभर ठेवावी, अर्थात चूल, दिवा व उदबत्तीपासून दूर. सकाळी मऊ ब्रशने घासून पुसावे. पुष्कळसा गंज एवढ्यानेच सुटतो. उरलेल्यासाठी धातू पुसण्याचे पॉलिश वापरावे. त्यानेही न भागल्यास १००० किंवा २००० क्रमांकाचा पॉलिश कागद बुचाच्या तुकड्याभोवती गुंडाळून, तेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. पाते टेबलाच्या सपाट लाकडावर टेकवलेले असावे, हवेत धरू नये. खड्डे पडले असतील तर ते घालवण्याचा हट्ट धरू नये. खड्डा घालवणे म्हणजे त्याच्या भोवतीचे सगळे पोलाद घालवणे होय. दस्त्याच्या खिळी शक्यतो काढू नयेत. फळ्यांच्या मधली जागा कापडाच्या पट्टीने पुसता येते. शिंगाचा दस्ता पाण्यात भिजवू नये, तो फुगून वाकतो. सेल्युलॉइडला स्पिरिट किंवा नखपॉलिश काढण्याचे द्रव लावू नये, ते विरघळते.

वस्तरा वापरात आणावयाचा की नाही, हा निर्णय यानंतर घ्यावा. धारेवर भिंगातून चीर दिसली तर विषय संपला. चिरेचे पाते गालावर तुटू शकते. धारेलगत खोल खड्डे असतील किंवा दाखवल्याप्रमाणे कोन बिघडला असेल तरीही तो जपून ठेवण्यापुरताच आहे असे समजावे. पाते निर्दोष असल्यास मात्र ते आजही उत्तम दाढी करते, पोलादाला म्हातारपण नसते. धारेसाठी सपाट पाण्याचा दगड हवा. प्रथम १००० क्रमांकाचा, नंतर ४००० आणि शेवटी ८००० किंवा त्याहून बारीक. बेल्जममधील आर्देन टेकड्यांतला पिवळा नैसर्गिक दगड जुने जाणकार फार वाखाणतात, पण कृत्रिम दगडाने काम अडत नाही. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा न्यावा, उलटवताना पाठीवरून उलटवावा आणि बोटाचा भार जवळजवळ नसावा. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना याच्या बरोबर उलट. तेथे पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा सैल धरला तर धार गोल होते, म्हणून तो ताणून धरावा. हे प्रत्यक्ष शिकायचे असल्यास पुस्तकापेक्षा जुन्या पिढीतील एखाद्या नाभिक बंधूंकडे किंवा खलिफांकडे जाऊन बसावे. सुटी अर्धी पाती घालण्याचे वस्तरे दुकानांतून आल्यापासून ही विद्या जाणणारे हात कमी होत आहेत.

एक गोष्ट मात्र पक्की धरावी. असा वस्तरा एकाच माणसाचा असावा. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जगू शकतो. एचआयव्हीचा धोकाही ध्यानात घेऊनच सलूनमधून दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालण्याची पद्धत पडली. घरच्या घरी हे पाते पूर्ण निर्जंतुक करणे सोपे नाही. उकळावे तर दस्ता बिघडतो. म्हणून भाऊ-भाऊ असले तरी एकच वस्तरा वापरू नये.

ठेवताना पाते कोरडे करून शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा. खोबरेल लावू नये, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नये, चामडे दमट हवा धरून ठेवते. सेल्युलॉइडच्या दस्त्याचा वस्तरा इतर वस्तऱ्यांपासून वेगळा आणि हवा लागेल असा ठेवावा. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा काढून पाहावे, पुसून पुन्हा तेल द्यावे. आणि डबीत एक चिठ्ठी ठेवावी : वस्तरा कोणाचा, ते कोठे राहत, काय करीत, देठावर काय लिहिले आहे, दुरुस्ती कोणी व कोणत्या साली केली. चिठ्ठी शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहावी, कारण तेल लागले तरी शिसपेन्सिलीचे अक्षर पसरत नाही.